चौथ्या ग्लासाबरोबरचं चीज

ग्रीत फर्काइकने चीजचा तुकडा दोन बोटांत धरून दिव्यासमोर नेला, नखाने त्याची कड खरवडली, वास घेतला आणि तो पुन्हा बशीत टाकला. शेजारी बसलेलं उट्रेख्तचं जोडपं तिच्याकडे बघत होतं. बघू देत. ती काही मजा करायला आली नव्हती, चोर पकडायला आली होती.

गौड्यातल्या वोल्फर्टच्या बिअरच्या भट्टीखाली हे विटांचं तळघर होतं. तिथे दर शनिवारी दुपारी तीन वाजता चोवीस माणसं बसायची. पाच ग्लास, प्रत्येकाबरोबर एक घास, टेबलावर छापलेलं कार्ड आणि गुण द्यायला पेन्सिल. ग्रीतने बहिणीच्या नावाने जागा धरली होती आणि मुद्दाम खांबाआडच्या टेबलावर बसली होती. पहिली गव्हाची पांढरी बिअर करंदीबरोबर आली, तिला तिने शून्य दिलं. ओटची बिअर धुरावलेल्या वाम माशाबरोबर आली, तिलाही शून्य. तिसरी कडू बिअर आणि तळलेले गोळे. गोळे चांगले होते, म्हणून तिला जास्तच राग आला आणि शून्य जरा मोठं निघालं.

ठिणगी पडली होती पंधरा दिवसांपूर्वी, बहिणीच्या वाढदिवसाला. सगळे गोल करून बसलेले, मांडीवर केकच्या बश्या, आणि बहीण म्हणाली, "परवा वोल्फर्टकडे गेलो होतो. तुझं चीज हल्ली काय छान लागतं गं! गोडसर."

गोडसर! चाळीस वर्षांत ग्रीतच्या चीजला कुणी गोडसर म्हटलं नव्हतं. ते जिभेला चावायचं, डोळ्यांत पाणी आणायचं, आणि त्याचंच तिला भूषण होतं. म्हणजे सरळ होतं. वोल्फर्ट कारखान्याचं चीज आणत होता आणि तिच्या नावावर खपवत होता. नाव जायला एक शनिवार पुरतो, कमवायला तिला उभा जन्म लागला होता.

आणि नाव तेवढंच तर उरणार होतं. तिच्या पर्समध्ये घडी घातलेला एक कागद होता. जानेवारीपासून गोठ्यातलं सगळं दूध टँकरला द्यायचं, चीज बनवायचा हौद बंद. खाली सहीची रेघ तेवढी रिकामी होती, आणि ती सोमवारी भरली जाणार होती. खांद्याच्या ऑपरेशननंतर तिचा उजवा हात वर जात नव्हता, आणि तिच्यामागे हौदाला हात लावण्याच्या लायकीचं घरात कुणी नव्हतं.

मुलगी मार्लूस गाई बघायची, ते ठीक. पण मार्लूसने नवरा आणला होता रॉटरडॅमचा, कास्पर. ट्राम चालवायचा तो तिथे! जावई हा दहावा ग्रह म्हणतात, आणि हा तर घरजावई होऊन सहा वर्षं तिच्याच छपराखाली बसला होता. गेल्या वर्षी त्याने तोंड उघडून विचारलंही होतं, "आई, हौद मला शिकवाल का?" ती म्हणाली होती, "ट्रामला रूळ असतात बाळा, दुधाला नसतात." तेव्हापासून त्याने विचारलं नव्हतं. हौद बंद झाला तर आम्ही रॉटरडॅमला परत जाऊ, असं मार्लूसने मागच्या आठवड्यात भांडी धुता धुता, पाठ न वळवता सांगितलं होतं. जा की, ग्रीत म्हणाली होती.

आज तिला इथवर घेऊन आला होता तोच. तिने त्याला बाहेर गाडीतच बसवून ठेवलं होतं.

"आता चौथा ग्लास," वोल्फर्ट टाळी वाजवून म्हणाला. साठीचा, पिंपासारख्या पोटाचा माणूस. "ही आमची शरदातली गडद बिअर, बॉक. आणि तिच्याबरोबर एकोणीस महिन्यांचं चीज, आपल्या ग्रीत फर्काइकच्या गोठ्यातलं. आधी बिअरचा घोट, मग चीज, मग पुन्हा..."

"खोटं बोलतोयस तू."

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. चोवीस माना वळल्या.

"ग्रीत? अगं, तू कधी आलीस?"

"माझ्या नावाची चोरी चालते ती बघायला आले. हे माझं चीज नाही. हा रंग बघ. फिका! गाई गोठ्यात बांधलेल्या असताना, वाळल्या गवतावर असतानाचं हे दूध आहे. मी फक्त उन्हाळ्यातलं चीज मुरवते, हे अख्ख्या गौड्याला माहीत आहे."

"खाऊन तर बघ."

"खायची गरज नाही."

"न खाताच सांगतेस होय? वा!" वोल्फर्टच्या गालांवर लाली चढली. "माझ्या तळघरात येऊन, माझ्या पाहुण्यांसमोर मला चोर म्हणतेस, तर निदान तोंडात घालून म्हण."

कुणीतरी हसलं. ग्रीतने तुकडा उचलला आणि त्याच्या डोळ्यांत बघत चावला. मुद्दाम सावकाश चावला.

"गोड," ती म्हणाली. "कारखान्याचं."

"पण छान आहे हो," उट्रेख्तची बाई हळूच म्हणाली.

"छान आहे म्हणून माझं होतं का, बाई?"

वोल्फर्ट मागच्या खोलीत गेला. तिथे लाकडी फळ्यांवर काहीतरी सरकल्याचा आवाज आला. बरं झालं, ग्रीतला वाटलं, आता दुधाचं दूध आणि पाण्याचं पाणी होऊन जाऊ दे. तो चीजचं अर्धं चाक छातीशी धरून आला आणि त्याने ते तिच्या बशीशेजारी ठेवलं, पिवळी पाठ वर करून.

पाठीत छाप रुतलेली होती. चीज दाबताना बसवायची ती गोल छाप, सालीबरोबरच मुरते, मागाहून चिकटवता येत नाही. त्यावर तिच्या गोठ्याचा आकडा होता. तो तिला स्वतःच्या जन्मतारखेसारखा पाठ होता. खाली तारीख दाबलेली होती, गेल्या वर्षीची, चौदा मार्च.

चौदा मार्चला ती इस्पितळात होती. हात गळ्यात बांधलेला, आणि फोनवर मार्लूसला बजावत होती की बारा दिवस दूध टँकरला द्या, हौदाला कुणी हात लावला तर बघा.

ग्रीत खाली बसली.

वोल्फर्टने पाहुण्यांना हाताने खूण केली, प्या, खा, आणि तिच्यासमोरची खुर्ची ओढली. आवाज खाली आणला.

"कास्परने केलंय. त्या बारा दिवसांत. नऊ चाकं."

"नऊ." तिला लगेच आठवलं. छापांच्या पाकिटात नऊ छापा कमी निघाल्या होत्या, आणि छापा पाठवणाऱ्या त्या बिचाऱ्या माणसाला तिने फोनवर असा झोडपला होता की त्याने नऊ छापा फुकट पाठवून दिल्या होत्या. "आणि इथे ठेवली?"

"घरी ठेवली असती तर तू काय केलं असतंस?"

"डुकरांना घातली असती."

"तेच म्हणाला तो. दोन चाकं तडकली, ती आम्ही खाल्ली. सात राहिली. दर रविवारी येऊन उलटायचा, पुसायचा. त्यातलं पहिलं मी उन्हाळ्यात कापलं."

"रविवारी तो फुटबॉल बघायला जातो."

वोल्फर्टने चाकाची पाठ तळहाताने पुसली.

रविवारच्या रविवार तिने त्याला दारात टोमणा मारला होता, जा बाबा, दुसऱ्यांच्या लाथा बघायला, घरच्या कामाला आम्ही आहोतच. आणि तो हसून, टोपी घालून जायचा. ग्रीतला आता कुणाकुणावर चिडावं ते कळेना. त्याच्यावर, मार्लूसवर, या पिंपावर. आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या जिभेवर. स्वतःच्या गाई, स्वतःचा हौद, आणि चोवीस लोकांपुढे उभं राहून ती त्या चीजला कारखान्याचं म्हणाली होती.

"मग माझी चाकं कुठे जातात?"

"वर दुकानात. लोक रांगा लावून नेतात. पण खरं सांगू? माझ्या बॉकबरोबर तुझं चीज चालत नाही. ते बिअरला खाऊन टाकतं. याच्याबरोबर बघ एकदा. मग मला शिव्या दे."

तिने आयुष्यात बिअर फारशी प्यायली नव्हती. रागारागात एक मोठा घोट घेतला, मग चीज. जळल्या साखरेची चव आली, मग गवताची, वाळल्या गवताची, मार्चमध्ये गोठ्याचं दार उघडलं की येते तशी. ही चव तिला मघाशीच यायला हवी होती. ती होतीच तिथे. तिने दुसरा तुकडा खाल्ला. मग शेजारच्या बाईने आपली बशी तिच्याकडे सरकवली आणि ग्रीतने त्यातलाही उचलला, आभार न मानता.

"फाटलेलं दूध धुतलंय जास्त, म्हणून गोड," ती म्हणाली. "मीठ कमी आहे. कडेला भेग आहे, ही बघ."

"हो."

"पहिल्यांदा करणाऱ्याचं आहे, दिसतंच."

"हो, ग्रीत."

तिने पेन्सिल उचलली. कार्डावर 'ग्रीत फर्काइकच्या गोठ्यातलं' असं छापलं होतं. तिने आपलं नाव खोडलं, पेन्सिल दाबून, कागद फाटेस्तोवर, आणि वर लिहिलं, कास्पर. मग आडनाव आठवेना. सहा वर्षं त्याच्या पत्रांवर वाचत आलेलं आडनाव. तिने वोल्फर्टला विचारलं, त्याने सांगितलं, तिने लिहिलं.

"बाकीच्या टेबलांवरची कार्डं आण."

"अगं, पुढच्या आठवड्यात नवी छापतो."

"खोटं नाव आहे त्यावर. आत्ता आण."

पाचव्या ग्लासाबरोबर पाकातलं वॉफल होतं, त्याला ती थांबली नाही. आठही कार्डं दुरुस्त करून झाल्यावर तिने उरलेल्या चाकाचा एक जाड काप मागून घेतला. गुंडाळायला काही दिसेना. तिने पर्स उघडली.

गाडी कालव्याच्या कडेला उभी होती. कास्पर स्टिअरिंगवर डबा ठेवून पाव खात होता. तिला बघून त्याने डबा घाईघाईने मिटला आणि उतरून दार उघडलं. ती बसली, पट्टा लावला, समोर बघत राहिली. तो आपल्या जागी येऊन बसला.

"धुवायला पाणी किती घेतलं होतंस?"

त्याचा हात किल्लीवरच थांबला. कानांपर्यंत लाल झाला तो.

"आई, मी..."

"पाणी विचारलं मी."

"एक बादली जास्त," कास्पर म्हणाला. "आंबट होईल अशी भीती वाटली."

"भित्र्याचं चीज." ती खिडकीबाहेर बघत होती. "नऊ छापांसाठी मी त्या माणसाला काय काय बोलले, माहीत आहे? सोमवारी त्याला फोन लाव. माफी माग. माझ्याकडून नाही, तुझ्याकडून."

"हो, आई."

"आणि रविवारी फुटबॉलला जाऊ नकोस. पाच वाजता हौदापाशी ये. बादली मी धरणार, तू फक्त बघायचंस."

तिने मांडीवरची पुडी त्याच्याकडे टाकली. "हे मार्लूसला दे."

कास्परने पुडीची घडी सरळ केली. कागदाच्या माथ्यावर टँकरवाल्यांचं नाव होतं आणि तळाशी सहीची रिकामी रेघ. चीजचं तेल तिच्यावरून पसरत चाललं होतं. तो कागदाकडे बघत राहिला.

"काय बघत बसलास?" ग्रीत खेकसली. "गाडी काढ. दुधाची वेळ झाली."