शालूबाईचं मत

रहिमतपूरचे नानासो वकील सेहेचाळीस साली मुंबईच्या विधानसभेवर निवडून गेले. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःच्या नावावर एक विधेयक मांडलं. लढाईत बेपत्ता झालेला शिपाई कायदा सात वर्षांनी मेला धरतो, तोवर त्याची बायको अडकून पडते. तीन वर्षांत खबर आली नाही तर तिला दुसऱ्या लग्नाची मोकळीक असावी, एवढंच त्यात होतं.

ते त्यांना सुचलं भाचीवरून. शालूबाईचा नवरा जोतीराम सिंगापूर पडलं तेव्हा हरवला. बाकीचे कैदी परतले, तो आला नाही. त्याच्या पलटणीतला मानसिंग सुटून आल्यावर दोनतीनदा घरी येऊन गेला. त्याची बायको मागंच वारली होती. शालूबाईशी पाट लावायला तो तयार होता आणि तीही नको म्हणत नव्हती. पूर्वी हे पंचांनी निभावून नेलं असतं. आता नवरा हयात धरला जात असताना दुसरं लग्न करणं नव्या कायद्यानं गुन्हा झाला होता.

विधेयकावर सरकारनं आपलं मत लगेच ठरवलं नाही, लोकांचं म्हणणं मागवलं. कलेक्टरांनी ते काम मामलेदारांवर सोपवलं, आणि मामलेदार एका सकाळी शालूबाईच्या सासरच्या गावी चावडीत येऊन बसले.

सासरा केरबा सगळ्यांच्या पुढं होता. विधेयक वाचून दाखवल्यावर तो म्हणाला, "सायेब, पलटणीनं हरवला म्हणून कळवलंय. मेला म्हणून न्हाई. मग बापानंच कसं म्हणायचं?"

मामलेदारांनी दाराशी उभ्या असलेल्या शालूबाईला विचारलं, "बाई, तुमचं काय म्हणणं?"

तिनं केरबाकडं पाहिलं. तिनं पदर ओढून घेतला आणि मान खाली घातली. थोडा वेळ वाट बघून मामलेदार कारकुनाला म्हणाले, "विरोध, असं घ्या."

पावसाळी अधिवेशनात मंत्र्यांनी नानासोंना आपल्या खोलीत बोलावलं.

"तत्त्व चांगलं आहे," ते म्हणाले. "पण फौजेचा विषय दिल्लीचा. शिवाय तुमच्याच जिल्ह्यातून विरोध आलाय. खुद्द एका शिपायाच्या बायकोचासुद्धा."

"ती माझी भाची आहे साहेब. ती विरोध करणार नाही."

"नोंद तशी आहे. आणि असं बघा, कायदा होऊन अंमल यायला वर्षदीड वर्ष जाणार. तोवर बहुतेकींची सात वर्षं भरतच आली असतील. तुम्ही मागं घ्या. सरकार पुढं स्वतः विचार करील, तसं मी सभागृहात सांगतो."

पक्षाचा आदेश तोच होता. दुसऱ्या दिवशी नानासोंनी उठून विधेयक मागं घेतलं. मंत्र्यांनी आश्वासन दिलं, दोन्ही बाजूंनी बाकं वाजली.

गावी येऊन ते थेट भाचीच्या रानात गेले. ती भांगलत होती.

"शालू, चावडीत बोलली का न्हाईस?"

"मामंजी म्होरंच बसलं हुतं, मामा. त्यांच्या तोंडावर त्यांचा ल्योक मेला म्हणू व्हय?"

"अगं, पण त्यांनी तुझा विरोध धरला."

तिचं खुरपं थांबलं. "मी तर कायच म्हनले न्हाई," ती म्हणाली.

मानसिंग दिवाळीपर्यंत थांबला. मग त्याच्या आईनं खंडाळ्याकडची मुलगी केली. सरकारचा विचार काही पुढं आला नाही, आणि नानासोंनी दोनदा प्रश्न विचारला तेव्हा विषय विचाराधीन असल्याचं उत्तर मिळालं.

एकोणपन्नासच्या उन्हाळ्यापर्यंत शालूबाईची सात वर्षं भरली. नानासोंनी वाईजवळचं एक स्थळ काढलं आणि तिला विचारायला गेले. केरबाची नजर तोवर पार गेली होती. ती त्याला हाताला धरून ओसरीवर आणत होती.

"आता नगं मामा," ती हळू म्हणाली. "ह्यास्नी कोण बघंल?"

नानासो चहा न घेताच निघाले.