खिडकी बंद करून पुन्हा उघडली

पाय प्लास्टरमध्ये असल्यामुळे योगिनीला वाशिमच्या कॉलेजात जाणं शक्य नव्हतं. सरांनी सवलत दिली होती. दुपारी तीनला व्हिडिओ कॉलवर त्यांच्यासमोर प्रोग्राम चालवून दाखवायचा, की प्रॅक्टिकल परीक्षा झाली.

लॅबमध्ये सगळं आधीच टाकलेलं असायचं. घरच्या जुन्या लॅपटॉपमध्ये कंपायलर नव्हता, आणि त्याशिवाय लिहिलेला प्रोग्राम चालणार नव्हता. कंपायलर इंटरनेटवरून उतरवायचा, तर मेडशीतल्या त्यांच्या घरी रेंज फक्त स्लॅबवर. शेवटी तिची आई विजयमाला मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करून जिन्याच्या वरच्या तोंडाशी उन्हात उभी राहिली. खाली खाटेवर लॅपटॉप घेऊन योगिनी.

डाउनलोड व्हायलाच अडीच वाजले. तिने कंपायलर बसवला, लॅपटॉपवर आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडून तिच्यात त्याचं नाव टाइप केलं. असं काही या मशीनवर नाही, असं उत्तर आलं. तिने तो काढून पुन्हा बसवला. तेच उत्तर.

"माय, वैभवीले फोन लाव."

"बंद सांगून राह्यला तिचा," वरून आवाज आला.

वैभवी, तिची मैत्रीण, लॅबमध्ये परीक्षेला बसली असणार. कंपायलर कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते मशीनला सांगावं लागतं, असं तिने कधीतरी ऐकलं होतं. सेटिंग शोधून तिने तो पत्ता भरला. त्याच काळ्या खिडकीत पुन्हा टाइप केलं. पुन्हा तेच.

तेवढ्यात लॅपटॉपवर सरांचा कॉल आला.

"सर, दोनच मिनिटं."

सर थांबले. तिने पत्ता पुसला, परत भरला, एकेक अक्षर तपासलं.

"योगिनी, इथे मुलं खोळंबलीत," सर शेवटी म्हणाले. "हा विषय पुढच्या सत्रात दे."

कॉल कटला. तिने सगळ्या खिडक्या बंद केल्या. थोड्या वेळाने, काही सुचेना म्हणून, काळी खिडकी परत उघडली आणि तेच नाव टाइप केलं.

या वेळी कंपायलरने उत्तर दिलं. पत्ता मघाशीच बरोबर होता. नवी खिडकी उघडल्याशिवाय तो लागू होत नव्हता, एवढंच. तिने प्रोग्राम चालवला. एका दमात चालला.

आई खाली आली. चेहरा लालबुंद झाला होता.

"झालं काय?"

"चालू झालं, माय," योगिनी म्हणाली. "पण सर गेले."

विजयमाला तिच्याजवळ खाटेवर बसली. "मंग त्यायले परत फोन लाव ना."

योगिनीने मोबाइल घेतला. आत रेंज नव्हती, आणि प्लास्टरमधल्या पायाने जिना चढता येणार नव्हता. ती उशीत तोंड घालून रडू लागली.