विधवेच्या हातची ओटी

आमचे केशवराव भावजी वकील होते. कोर्ट कधीचं सुटलं, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. आठवड्यातून एकदा दिवाणखान्यात कोर्ट भरवल्याशिवाय त्यांना जेवण पचत नाही. त्या रविवारी आमच्या चिक्कडपल्लीच्या घरात आरोपीच्या जागी माझी सून वृषाली बसली होती. गुन्हा एवढाच, की आपण मेलो तर मुलांचं काय, हे तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं.

माझा धाकटा मुलगा पराग, म्हणजे तिचा नवरा, दोन वर्षांपूर्वी डॅलसला हार्ट अटॅकने गेला. तेव्हापासून ती तिथे एकटी नोकरी करून मृण्मयी आणि ईशानला वाढवते आहे. मुलं तिथेच जन्मलेली, तिथलीच नागरिक. उद्या हिलाही काही झालं तर मुलं कोणाकडे द्यायची ते तिथलं कोर्ट ठरवणार, आणि त्यात आईने लिहून ठेवलेल्या नावाला वजन असतं. वृषाली नाव लिहिणार होती श्रीलताचं. श्रीलता तिथली तिची शेजारीण. माहेर तिचं आमच्याच चिक्कडपल्लीतलं, तेलुगू घरातलं. तीही सुट्टीला आली होती, आणि संध्याकाळी मुलांना घेऊन कोठीच्या बाजारात जायचं म्हणून यायचीच होती.

“ना नात्याची, ना जातीची,” भावजी म्हणाले. “सख्खा काका जिवंत असताना लेकरं परक्याच्या घरी? खानदानाचा काही दस्तूर आहे की नाही? मुलं योगेशकडे येतील. इथे.”

योगेश माझा थोरला. तो मान खाली घालून मोबाइल बघत होता.

“काका, मी परवानगी मागायला आले नाही,” वृषाली म्हणाली. “परत जायच्या आधी तुमच्या कानावर घालतेय.”

“ऐका! वरून ही तऱ्हा!”

खरं सांगते, राग मलाही आला होता. परागची म्हणून ती दोनच तर राहिलीत मला. मागची खोली रंगवून घ्यायची, नारायणगुड्याच्या शाळेत नावं घालायची, इथवर माझ्या मनाने मजल मारली होती. मला ती मुलं हवी होती. हावरटासारखी हवी होती.

म्हणून मी मृण्मयीलाच हाक मारली. अकरा वर्षांची पोर, बापासारखीच सरळ डोळ्यांत बघून बोलते. “काय गं, आजीकडे राहायला आवडेल ना?”

“हॉलिडेमध्ये आवडेल, आज्जी. पण बाबा गेले तेव्हा ईशान बोलतच नव्हता ना? श्रीलता आंटी रोज त्याच्याजवळ खाली जमिनीवर झोपायची. मग तो फर्स्ट तिच्याशीच बोलला. इथे तो काय बोलतो ते कोणालाच कळत नाही.”

मला ते दिवस आठवले. व्हिसाची तारीख मिळेपर्यंत सगळं उरकलं होतं. पोटच्या पोराचं शेवटचं तोंड मी मोबाइलवर बघितलं. आणि भावजी कॅलेंडर घेऊन बसले होते, सुतक इथल्या वारापासून धरायचं की तिथल्या.

“भावजी,” मी म्हटलं, “सुतक आपण पाळलं. पोरं तिने सांभाळली.”

“म्हणून काय देऊन टाकायची?”

“द्यायची, पण रीतीने. दस्तूर पाहिजे ना तुम्हाला? मूल दत्तक देताना ओटीत घालतात. घालू या.”

तेवढ्यात श्रीलता आलीच, जीन्स घालून. मी तिला आत ओढलं आणि माझी नारायणपेठी जीन्सवरूनच गुंडाळली. “आंटी, क्या हो रहा है?” ती विचारत राहिली. तिला पाटावर बसवलं आणि ताटात तांदूळ घेतले.

भावजी ताडकन उठले. “सुशीलाबाई, ओटी तुम्ही भरणार? तुम्ही?”

पुढचा शब्द त्यांनी गिळला. विधवेने ओटी भरू नये, हे मला कोणी शिकवायला नको. आमचे हे गेल्यापासून हळदीकुंकवाला मी भिंतीला टेकून बसते.

“मीच,” मी म्हटलं. “पोरगा माझा गेला, नातवंडं माझी. मग हात काय शेजारणीचे उसने आणू? ज्याला बघवत नसेल त्याने आत जाऊन चहा प्यावा.”

योगेश उठला. मला वाटलं, निघाला हा चहाला. पण तो देवघरातला नारळ घेऊन आला आणि माझ्यापुढे धरला. “घे, आई,” एवढंच म्हणाला.

श्रीलताने पदर पसरला. ओंजळभर तांदूळ पडले तशी ती हसली. “आंटी, ये तो हमारा ओडि बिय्यम! माहेर को गए तो अम्मा डालती.”

“हौ. आता हे पण तुझं माहेर समज.”

मग मी ईशानला तिच्या मांडीवर बसवलं. मृण्मयी “मी मावणार नाही” म्हणत तिला खेटून बसली. “ये मेरे पराग के बच्चे हैं,” मी म्हटलं, “मैं देती तेरे को.” मला रडू आलं. मी ते लपवलं नाही. श्रीलताने दोघांना घट्ट धरलं.

ताटात तांदूळ उरले होते. वृषाली दाराशी उभी होती. पराग गेल्यापासून अशा वेळी ती आपणहून मागे सरते.

“इकडे ये. ओढणी पसर.”

“आई, मला? मला कसं चालेल?”

“तुझ्या मरणाची तयारी झाली सगळी. आता जगायचं बघ.”

उरलेले सगळे तांदूळ मी तिच्या ओढणीत ओतले आणि कपाळाला कुंकू लावलं. एक दाणा सांडू नये म्हणून ती दोन्ही हातांनी ओढणी धरून उभी राहिली. भावजी बघत होते. बघू देत.