ग्राफचा फोटो

मौलाचाचांच्या कामाची वाट मी लावली. दुसऱ्या कुणावर ढकलायचं म्हटलं तरी सोय नव्हती, कारखान्यात इंटरनेटचं कळणारी मी एकटीच.

कारखाना अक्कलकोट रोड एमआयडीसीतला, बसलिंगप्पांचा. सगळे त्यांना अप्पा म्हणतात. चाचा तिथे तीस वर्षं चादरीची नक्षी काढत होते. ग्राफच्या कागदावर एकेक चौकोन रंगवायचा, त्यावरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडायची, आणि ते पत्ते मागावर चढले की चादरीत मोर उतरतो. मी करकंबची, बीसीए झालेली, वेबसाइट सांभाळायला ठेवलेली. अप्पांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "उत्कर्षा, दिवाळीपर्यंत वेबसाइटवरनं ऑर्डर आल्या तर चादर चालू ठेवू. न्हाय तर पांढरे टॉवेल. टॉवेलला नक्षीवाला कशाला लागतोय?" चाचा शेजारीच पेन्सिलीला टोक करत होते. ऐकलं नाही असं त्यांनी दाखवलं.

मग मी हात धुऊन फोटोंच्या मागे लागले. आधी कुणीतरी कॅमेऱ्यातले अगडबंब फोटो तसेच चढवले होते, पान उघडेपर्यंत गिऱ्हाईक जेवून यावं. मी ते हलके केले. फोटोंची नावं नुसते आकडे होती, तिथे चादर, रंग, सोलापूर असं लिहिलं. शिवाय प्रत्येक फोटोमागे एक ओळ लिहावी लागते. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांना ती ऐकू येते, आणि गुगललाही त्यावरूनच फोटो कशाचा ते कळतं. ती ओळ चाचा सांगत. "लिही, मोर मागं वळून बघतोय. पीस ओलं हाय." पीस ओलं कशावरून, ते मला कधी दिसलं नाही. मी लिहीत गेले.

तरी वेबसाइटवर दिवसाला दहा-बारा माणसं, त्यातली दोन-तीन मीच. शेवटी लोक काय शोधत आमच्यापर्यंत येतात त्याची यादी काढली. तीत पुन्हा पुन्हा एकच होतं, चादर डिझाइन ग्राफ. मला वाटलं, घबाड सापडलं.

चाचांकडे ग्राफची वही मागितली तेव्हा त्यांनी ती छातीशी धरली. "बेटी, ग्राफ कुनाला दावायचा नसतो. माज्या साडूचे माग हायत, त्याला बी कदी दावला न्हाय."

"चाचा, लोक तेच शोधतायत. लोक आले तर ऑर्डर येतील."

"तू म्हनतीस तर घे," ते म्हणाले.

बाकी सगळे फोटो मी हलके केले होते, वहीतल्या ग्राफांचे हे बावीस मात्र मोठेच चढवले. चौकोन मोजता आले पाहिजेत ना. या अकलेवर मी खूश होते.

आठवड्याभरात दिवसाला नऊशे माणसं यायला लागली. अप्पांनी पेढे वाटले. चाचांनी आपला पेढा रुमालात बांधून नातीला, आयतला नेला. ऑर्डर मात्र एकही आली नाही. चादर घेणारा ग्राफ कशाला शोधेल? ग्राफ शोधतो तो माग असलेला माणूस. आमच्या कुठल्याही विणकराने हे सांगितलं असतं, पण मला विचारायचं सुचलं नाही.

दिवाळीआधी चाचा करमाळ्याला एका लग्नाला जाऊन आले. आहेरात मिळालेली चादर त्यांनी माझ्या टेबलावर उलगडली. सूत हलकं, रंग भडक, मोर त्यांचाच. मानेजवळ त्यांच्या हातून एक चौकोन जादा रंगला होता, तोही तसाच विणलेला.

"चूक बी घेतली की," ते म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

मी फोटो काढून टाकले. तोवर ते दुसऱ्यांच्या पानांवर, दुसऱ्यांच्या नावाने दिसत होते. दिवाळी झाली आणि मागांवर पांढरे टॉवेल चढले.

शेवटच्या दिवशी चाचा पट्टी-पेन्सिली पिशवीत भरून माझ्याकडे आले. "त्या गुगलात माजं नाव टाकून बघ की. काय येतंय?"

मी टाकलं. मौला, नक्षी, सोलापूर. कुठले कुठले मौला आले, एक गॅरेज आलं. चाचा नव्हते. चादर, रंग, मोर, शहर, अप्पांचा कारखाना, सगळं मी दोनशे फोटोंमागे लिहिलं होतं. ज्याने नक्षी काढली त्याचं नाव एकाही ओळीत नव्हतं. मला रडू आलं नाही, स्वतःची किळस आली.

"आलं का?" त्यांनी विचारलं. चष्मा पिशवीत गेला होता.

"आलं की चाचा," मी म्हणाले. "सगळ्यात वर."