वळणावरचा ठसका

मिस्त्रीने पाना लावला, दोन्ही हातांनी जोर केला आणि मोटारसायकलच्या सायलेन्सरच्या नळीत रुतून बसलेला सेन्सर एकदाचा करकरत निघाला. त्याचं टोक काजळीने काळंठिक्कर पडलं होतं. त्याने तो धाकट्याच्या तळहातावर ठेवला.

“हा नळीतला धूर हुंगतो आणि वर इंजिनाला सांगतो, पेट्रोल किती सोडायचं ते. याचं नाकच गेलंय. मग काय, आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय.”

“नवा टाकला की ॲव्हरेज सुधारेल ना?”

“न सुधारून सांगते कुणाला!”

धाकट्याचा जीव त्या एका गोष्टीवर टांगलेला होता. गाडी मूळची दादाची, त्याच्या थोरल्या भावाची. गेल्या हिवाळ्यात दादाला न्यूमोनिया झाला आणि हां हां म्हणता तो गेला. तेव्हापासून डोंगरापलीकडच्या छापखान्यात जायला-यायला धाकटा तीच गाडी वापरत होता. पण ती पेट्रोल पाण्यासारखं प्यायची, आणि महिनाअखेरीच्या कितीतरी आधी टाकी आणि खिसा दोन्ही रिकामे व्हायचे. असंच चाललं असतं तर छापखान्याजवळ खोली घ्यावी लागली असती आणि आई घरात एकटी पडली असती.

नवा सेन्सर बसला. मिस्त्रीने गाडी चालू केली. दादाच्या वेळेपासून ती दमेकरी म्हाताऱ्यासारखी खोकायची, ठसकायची, मध्येच फाट्कन आवाज काढायची. आता मात्र शहाण्या बाळासारखी एका लयीत चालत होती. मिस्त्रीला गंमत सुचली. त्याने पेट्रोलच्या टाकीखाली हात घालून सेन्सरच्या वायरीची पिन उपसली. मीटरवर पिवळा दिवा लागला आणि जरा वेळाने जुना ठसका परत आला.

“बघ, नाक काढून घेतलं की ये रे माझ्या मागल्या!” पिन परत खोचत तो म्हणाला. “आता तुझं लग्न जमेल. आधीच्या आवाजाला कोण पोरगी मागे बसली असती?”

धाकटा हसला. कितीतरी दिवसांनी हसला.

घराकडचा रस्ता पाण्याच्या टाकीपाशी वळतो आणि मग उताराने थेट दाराशी येतो. रोज त्या वळणावरूनच धाकट्याला स्वयंपाकघरातला दिवा लागताना दिसायचा. तो दारात पाय ठेवेपर्यंत चहा ओतलेला असायचा. फक्त त्यात साखर नसायची.

“आई, साखर!” तो ओरडायचा.

“अगंबाई, विसरलेच बघ,” म्हणत ती डबा पुढे करायची. वय झालं तिचं, असं धाकटा धरून चालला होता.

त्या संध्याकाळी दिवा लागला नव्हता. आई पुढच्या खोलीत अंधारात बसली होती, शिवण मांडीवर तसंच पडलेलं. त्याने खांद्याला हात लावला तेव्हा ती दचकली.

“कधी आलास रे? गाडी ऐकूच आली नाही.”

“तेच तर! सुधारली गाडी. आता खोलीबिली काही नको. रोज घरी येणार.”

“बरं झालं हो,” आई म्हणाली. “तुझी दगदग वाचली.” आणि भिंतीला धरून उठली.

चहाला वेळ लागला. त्याने एक घोट घेतला आणि सवयीने साखरेच्या डब्याकडे हात नेला. हात अर्ध्यावरच राहिला. चहा गोड होता, त्याला लागतो तेवढाच.

साखर दादाला लागत नसे.

धाकट्याने कप खाली ठेवला. टाकीच्या वळणापासून दारापर्यंत किती वेळ लागतो? एक कप चहा उकळायला जेमतेम पुरेल एवढा. तेवढा वेळ रोज तिचा थोरला घरी येत होता. दार उघडलं की धाकटा दिसायचा, आणि तिने तोंडातून कधी ब्र काढला नव्हता.

“आज चहा छान झालाय,” तो कसंबसं म्हणाला.

“आज विसरले नाही,” आई म्हणाली आणि पातेलं घासायला वळली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डोंगर उतरून तो टाकीच्या वळणावर आला आणि थांबला. आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्याने गाडीच्या टाकीखाली हात घातला आणि पिन उपसली. सकाळी निघताना परत खोचायची, एवढंच तर काम. पिवळा दिवा लागला. गाडी तरीही एका लयीत चालतच राहिली. तो हँडलवर हात ठेवून वाट बघत राहिला. मग एकदाची ती ठसकली, खोकली, फाट्कन आवाज काढला.

त्याने उतारावर गाडी अगदी सावकाश सोडली, दादा आणायचा तशी. खाली स्वयंपाकघरातला दिवा लागला.

तो आत गेला तेव्हा चहा ओतलेला होता. आई साखरेच्या डब्यावर हात ठेवून उभी होती. त्याने साखर मागितली नाही. समोर बसून घोट घोट घेत त्याने तो बिनसाखरेचा चहा संपवला आणि कप तिच्या हातात दिला.