उजव्या चाकाची मोकळीक

मागं चार चाकं, पुढं एक. केबिनच्या चौकटीत काच नाही. एक दिवा शाबूत, दुसऱ्याच्या जागी भोक. हौद्यात फाटकी ताडपत्री, तीन कोयते, चेपलेली एक पत्र्याची पेटी. पुढच्या डाव्या बाजूला चाकाऐवजी दगडांची थप्पी आणि तिच्यावर टेकवलेला जळका आस. चौसाळ्याच्या अलीकडच्या माळावर ओढून आणलेल्या त्या जुन्या ट्रकमध्ये एवढंच उरलं होतं. मुंजाजी मिस्त्रीनं ते सगळं नजरेनं मोजून काढलं, कारण त्याला उजव्या चाकाकडं बघायचं नव्हतं.

बघावं तर लागणारच होतं. गहिनीनाथ ड्रायव्हरची बायको सत्यभामा त्या चाकासाठीच त्याला इथं घेऊन आली होती. बरोबर तिची धाकटी बहीण मोहिनी. अंबाजोगाईच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारी ही मोहिनी एक लाकडी डबी घेऊन आली होती, आणि डबीत केसभर हालचालही काट्यावर दाखवणारं डायल गेज होतं.

ऊसतोडीची टोळी घेऊन निघालेला हा ट्रक उतारावर उलटला तेव्हा गहिनीनाथ गेला, टोळीतल्या दोन बाया गेल्या. तो प्यायला होता असं लोक म्हणत. दवाखान्याचा अहवाल यायचा होता, पण लोक अहवालासाठी थांबले नव्हते. गेलेल्या बायांच्या घरच्यांनी सत्यभामेशी बोलणं टाकलं होतं, आणि येत्या हंगामाला तिला कोयत्यावर घ्यायला एकही टोळी तयार नव्हती. पोलिसांनी ट्रक सोडला होता. उद्या भंगारवाला येणार होता.

मोहिनीनं आपलं म्हणणं सरळ मांडलं. डाव्या चाकाचं बेअरिंग जळून गेलंय, ते आता काहीच सांगणार नाही. पण उजवं चाक त्याच दिवशी, त्याच हातांनी कसलं होतं, आणि त्याला नंतर कुणी हात लावलेला नाही. काटा पाच-दहा घरं हलला तर नट बरोबर होता, म्हणजे दाजींचीच चूक. हललाच नाही तर नट जास्त आवळला होता.

कुणी आवळला होता हे ती बोलली नाही. त्याची गरजही नव्हती.

मुंजाजीला तो दिवस आठवावा लागत नसे, तो त्याच्या डोळ्यांपुढून हलतच नव्हता. वडवणीजवळच्या तांड्यावर ट्रक भरून उभा होता. वर माणसं, पोती, भांडी, चार बैल. पुढची चाकं डुलतात म्हणून गहिनीनाथनं त्याला गाडीवर बसवून आणलं होतं. पण तोवर चाकापुढं नारळ फुटला होता. नारळ फुटला की शीव ओलांडेपर्यंत ट्रकमध्ये चढलेल्या कुणी जमिनीला पाय लावायचा नाही, अशी तिकडची रीत. मुकादम धुळाजी तर बोनेटला हात लावून उभाच राहिला होता. आता कुणी खाली उतरलं तर यंदा फड नीट लागायचा न्हाई, म्हणाला.

गहिनीनाथ मात्र म्हणाला होता, "मुंजा, खाली करू का गाडी? शिव्या मी खातो."

बेअरिंगचा नट कसायचा तर चाक अधांतरी पाहिजे. ते फिरवत फिरवत नट आवळायचा आणि मग पाव फेरा सैल सोडायचा, म्हणजे केसभर मोकळीक राहते. ती जास्त झाली तर चाक डुलतं. अजिबात राहिली नाही तर बेअरिंग तापतं आणि जळतं. भरल्या गाडीखाली जॅक काळ्या मातीत रुतत होता, चाक उचलतच नव्हतं. टेकलेल्या चाकावर नट किती बसला हे हाताला कळत नाही. वरून पन्नासेक माणसं वाकून बघत होती, कुणी तरी म्हणालंही, मिस्त्रीला चाक उचलंना, बैल जुंपा बे.

"काय गरज न्हाई," मुंजाजी म्हणाला होता. डुलणं थांबावं म्हणून त्यानं दोन्ही चाकांचे नट अंगचा जोर लावून आवळले होते.

आज ट्रक रिकामा होता. जॅकच्या आठ-दहा दाबांत उजवं चाक जमिनीवरून उठलं. मुंजाजीनं मधलं झाकण खोललं. आत काळं पडलेलं ग्रीस होतं. मोहिनीनं गेज लावून पाहिलं, पण आसाच्या टोकावरच्या गंजावर सुई नीट टेकेना. पॉलिशपेपर लागेल म्हणून ती रस्त्यावरच्या दुकानाकडं चालत निघाली.

मुंजाजीनं पाना उचलला. बाहेरचा नट सोडायचा, वॉशरचा कान सरळ करायचा, आतल्या नटाला पाव फेरा द्यायचा आणि होतं तसं बसवून टाकायचं. तो हे झोपेतही करू शकला असता. सत्यभामा डाव्या बाजूला, दगडांच्या थप्पीजवळ बसली होती. तिथून तिला तो दिसत नव्हता. पाना नटावर बसला.

"भावजी," ती पलीकडून म्हणाली, "तुमी ते काम करताना ते कुठं उभे व्हते?"

"माझ्याजवळच."

"काय म्हणले का?"

मुंजाजीच्या हातात पाना तसाच राहिला. दुकानापाशी मोहिनी पैसे देऊन वळत होती.

"गाडी खाली करू का म्हणला," तो म्हणाला. "मीच नको म्हणलो, वहिनी."

मोहिनी परत आली तेव्हा पाना जमिनीवर पडलेला होता आणि बाहेरचा नट जागचा हललेला नव्हता. तिनं गंज घासून काढला, गेज लावलं, काटा शून्यावर आणला आणि मुंजाजीला चाक धरायला सांगितलं. सत्यभामा उठून तिच्यामागं येऊन उभी राहिली.

त्यानं टायर दोन्ही हातांनी धरलं. बाहेर ओढलं, आत ढकललं. मोहिनी वाकून बघत होती. तिनं आणखी एकदा करायला सांगितलं, आणि त्यानं केलं. मग टायर अर्धा फेरा फिरवून तिसऱ्यांदा. ते फिरवायला त्याला खांदा लावावा लागला.

तिन्ही वेळा मोकळीक शून्य भरली.