सैल गाठ

वर्ध्याचे डॉक्टर अच्युत देशकर शस्त्रक्रियेसाठी नावाजलेले होते. १९५३च्या उन्हाळ्यात त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं बधिर झाली. गरम पेल्याचा चटका बसला तरी कळेना. हा महारोग आहे हे त्यांनी आठवड्याभरात ओळखलं आणि कोणालाही, बायको पद्मालाही, सांगितलं नाही.

त्याच महिन्यात रोहण्याच्या चंद्रभानने अडलेल्या बायकोला, नलूला, गाडीत घालून आणलं. डॉक्टरांनी पोट उघडून मूल काढलं. मुलगी वाचली. पण रक्ताची शीर बांधताना गाठ सैल राहिली. बोटांना ते कळलंच नाही. संध्याकाळपर्यंत रक्त जाऊन नलू गेली.

"काऊन गेली जी, डाक्टरसाहेब?" चंद्रभानने विचारलं.

"आणायला उशीर केलास," डॉक्टर म्हणाले.

त्यानंतर त्यांनी सुरी हातात धरली नाही. रोग उघड झाला. पद्मा मुलांना घेऊन माहेरी गेली. हळूहळू तिची पत्रंही थांबली. दोन वर्षं गोळ्या घेऊन ते बरे झाले, बोटं मात्र वाकडीच राहिली. मग त्यांनी महारोग्यांचंच काम धरलं. आष्टीच्या बाजाराच्या दिवशी ते शाळेच्या ओसरीवर बसून लोकांच्या अंगावरचे चट्टे तपासत. लोक देवमाणूस म्हणत. ते ऐकलं की त्यांना नलू आठवे.

१९५६च्या हिवाळ्यात एका बाजाराच्या दिवशी समोरून चंद्रभान जाताना दिसला. डॉक्टरांनीच हाक मारली.

"इकडे कुठे?"

"पोरगी इथं आजीजवळ राह्यते. दुरून पाहून जातो. सासू दारात उभं करत नाई. म्हणते, तूच उशीर करून माही नलू मारली." तो खाली पाहू लागला. "खरंच हाय ते."

"खरं नाही. तुम्ही वेळेवर आणलं होतं. माझी बोटं बधिर होती, मला ठाऊक होतं, तरी मी सुरी धरली. गाठ सैल राहिली. आणि वर तुमच्याशी खोटं बोललो."

चंद्रभानने त्या वाकड्या बोटांकडे पाहिलं. मग त्याने डॉक्टरांची बाही धरली.

"चला. हेच माह्या सासूले सांगा."

अंगणात सासू शकुबाई ज्वारी पाखडत होती. डॉक्टरांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. माफी मागितली नाही. तेवढं तोंड नव्हतं. तिचं सूप थांबलं. डॉक्टरांकडे तिने पाहिलंही नाही.

"पोरी, बाहेर ये," तिने आत हाक दिली. "तुहा बाप आला." मग जावयाला म्हणाली, "बस. जेवून जाजो."

डॉक्टरांना कोणी बसा म्हटलं नाही. ते एकटेच शाळेकडे परतले. ओसरीवर चार माणसं खोळंबली होती.